शेवटच्या दारापाशी थांबलेला खेळ

मंडळी, या, बसून घ्या. मागं उभे आहात ते समोर या, सतरंजी रिकामी पडली आहे. फक्त घराच्या दारापर्यंत मधात वाट ठेवा. वहिनीले तिथून जावं लागणार आहे. काहून, ते सांगतोच.

मले बोलता येत नाही. अमरावतीत माहं कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं. जन्मभर दुसऱ्यायचे आवाज विकले, माह्या आवाजाची कोणाले गरज पडली नाही. आज पडली. मी गजानन. आज ज्याच्यासाठी जमलो, त्या मनोहरचा मित्र. काल सकाळच्या एसटीनं अकोल्याले आलो, अन् बसमध्ये सारं पाठ करून आलो होतो. आता एक शब्द आठवून नाही राहिला. आठवतो तो फक्त मन्या.

तुमच्यापैकी निम्मे लोक त्याले टायपिंगचे सर म्हणून ओळखता. त्याच्या इन्स्टिट्यूटमधून शिकून कोणी कचेरीत लागलं, कोणी कोर्टात. पण हा माणूस गेम बनवायचा, हे किती जणायले माहीत आहे? हात वर करा. पाहा. वहिनी, त्यायचा पोरगा निखिल, अन् मी. झालं. इतक्या मोठ्या मांडवात तीन हात.

नव्या पोरायसाठी सांगतो. तवा टीव्हीले जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर यायचा. पाटीएवढा. रबराचे बटन. मन्याच्या मेव्हण्यानं दुबईहून आणला होता. त्याचे गेम गाण्याच्या कॅसेटीत असत. टेपरेकॉर्डर लावला की तो केकाटायचा, कान किटून जायचे, अन् त्या केकाटण्यातून गेम आत जायचा. मन्या मास्टर कॅसेट घेऊन माह्या दुकानात आला. म्हणे, "गजा, याच्या कॉप्या काढून दे." मी लावली, तं दुकानातले गिऱ्हाईक पळाले बाहेर. एकदा माह्या पोऱ्यानं भजनाच्या कव्हरात हीच कॅसेट टाकली अन् ती गेली वलगावच्या भजनी मंडळात. दुसऱ्या दिवशी मंडळाचे बुवा दारात हजर. "अबे गजा, तुह्या पेटीत भूत शिरलं काय? बाया उठून गेल्या!" मन्या हसून हसून खाली बसला होता. तो हसायचा तवा आवाज नाही यायचा, नुसते खांदे हलायचे. आठवते ना?

तं तो गेम. नाव 'सोबत'. आपल्याकडं म्हणत ना, अंधार पडला, सोबतीले चाल. तेच. गावाची पांदण आहे, शेतामधून जाणारी वाट. अंधार आहे. तुमच्या हातात कंदील आहे. एसटीतून एक जण उतरते अन् तुमच्या मागं मागं चालते. त्या माणसाले घरापर्यंत पोचवायचं. बस. तो माणूस दिसत नाही कधीच. फक्त त्याचे पाय ऐकू येतात, टक, टक. तुमी भराभर चालले की उजेड तुमच्यासंगं पुढं जाते अन् मागचे पाय अंधारात राहून जातात. मंग आवाज बंद. मंग काहीच नाही. पहिल्यापासून सुरू करा. उभे राहिले तरी पंचाईत, काहून की तेल जळून कंदील विझते. अन् मागं वळून पाहाचं बटनच नाही. सारे बटन दाबून पाहा, मागं वळता येत नाही.

आमी तो गेम नागपूरच्या एका दुकानदाराले दाखवायले गेलो होतो. त्याच्या दुकानात विमानं पाडायचे गेम, गाड्या पळवायचे गेम, राक्षस मारायचे गेम. तो म्हणे, "याच्यात मारायचं कोणाले?" मन्या म्हणे, "कोणालेच नाही." "मंग जिंकायचं काय?" मन्या म्हणे, "घरी पोचायचं." तो माणूस आमच्याकडं असा पाहे, की दोघंही बह्याड झाले काय! पण सांगतो तुमाले, त्यानं पाहिलंच नाही काय आहे ते. कोणीच नाही पाहिलं. लोकायनं नेलेल्या कॅसेटींवर वरून लग्नाचे गाणे भरून घेतले. कॅसेटीच्या तुटलेल्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली की भरता येते, हे मीच साऱ्या अमरावतीले शिकवलं होतं. आजकाल पोरं इंटरनेटवर जुन्या गेमायच्या याद्या करतात म्हणे, विसरलेले चांगले गेम, न गाजलेले गेम. निखिलनं शोधलं. त्या याद्यायमध्येही 'सोबत' नाही. विसरायले आधी कोणाले माहीत तरी पायजे ना बाप्पा!

मी खेळलो आहे तो. याच घरात, आतल्या खोलीत, दुपारी, खिडकीले चादर लावून. मले घाई. मी बटन दाबत सुटलो. मन्यानं माहा हात धरला. म्हणे, "हळू, गजा. शकूचे पाय आहेत ते."

बाहेर ऊन मी म्हणत होतं, अन् माह्या अंगावर काटा आला. मी हात काढून घेतला.

शकू म्हणजे मन्याची लहान बहीण. शकुंतला. अचलपूरले मावशीकडं शिकायले होती. सुटीत घरी आली. हा कॉलेजात. दिवेलागणीले फाट्यावर तिले घ्यायले गेला, कंदील घेऊन. एसटी उशिरा आली. ह्याले भूक लागलेली, डोकं सणकलेलं. तिच्यावर ओरडला अन् रागानं पुढं निघाला. कंदील याच्या हातात. ती म्हणत होती, "दादा, हळू चाल ना." हा थांबला नाही. अर्ध्या वाटेत तिनं हाका मारणं बंद केलं. याले वाटलं, रुसली. घराच्या दारात येऊन कडीले हात लावला अन् मागं पाहिलं, तं मागं कोणी नाही.

साप चावला होता. पांदणीतच पडून होती.

हे त्यानं मले त्या दुपारी सांगतलं. पुढं काय म्हणाला, ते जसंच्या तसं सांगतो. म्हणे, "तिले जाळून परत निघालो तं म्हातारे म्हणत होते, मागं वळून पाहू नको, रीत आहे. मी नाही पाहिलं. दोन्ही वेळा मी मागं नाही पाहिलं, गजा. एकदा रागानं, एकदा रीतीनं."

मंडळी, याच्यावर काय बोलता? मी म्हटलं, चहा घेऊ.

मंग मी विचारलं होतं, शेवटच्या दारापर्यंत पोचलं तं काय होते? त्या गेममध्ये शेवटी त्याचंच घर आहे, वलगावकडचं. दाराले कडी आहे, अन् कडी काढायचं बटन आहे. मन्या म्हणे, "लिहिलंय. पाहिलं नाही." मी म्हटलं, काहून? तुह्यासारखा चालणारा कोणी नाही. म्हणे, "पोचतो ना मी. रोज पोचतो. कडी काढली की ती आत जाईल. मंग मी उद्या कोणाले घ्यायले जाऊ?" असं म्हणून यानं मशीन बंद केली. रोज हेच. इन्स्टिट्यूटमधून यायचं, कॅसेट लावायची, शकूले दारापर्यंत आणायचं अन् मशीन बंद करायची. वहिनीले लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत. वहिनी कधी चिडल्या नाहीत. मी विचारलं तं म्हणत, "काही लोक देवाले बसतात, हे बहिणीले बसतात."

आता मन्या गेला त्या दिवसाचं सांगतो. तेरवी काल झाली, म्हणजे दोन आठवड्याआधीचं. मन्या गेला तो खुर्चीत, मशीनसमोर. वहिनी चहा घेऊन गेल्या तं मान टेकलेली. धावपळ झाली, माणसं जमली, मशीनकडं कोणाचं लक्ष नाही. रीतीप्रमाणं त्या खोलीत वहिनीनं दिवा लावला, खाली पीठ पसरलं. दिवा लावून उठल्या अन् त्यायची नजर टीव्हीवर गेली. तिथं दुसरा दिवा, गेममधला कंदील. घराच्या दारात, चालू.

तुमाले आत्ताच सांगतलं मी. बटन नाही दाबलं तं कंदील विझते. मन्यानं स्वतः तसं लिहिलं. मी शंभर वेळा विझवला आहे. हा विझला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दहाव्याले नाही, कालही नाही. निखिलनं मले फोन केला, "काका, मशीनचं काही तरी झालंय, या." मी आलो. मले वाटलं, एखादं बटन दबून राहिलं असंल. ब्रशनं साफ केलं, एकेक पाहिलं. एकही दबलेलं नव्हतं.

अन् आवाज. चालत असलं तरच पाय वाजतात त्या गेममध्ये. उभं राहिलं की चूप. मन्या दारात उभा आहे, म्हणजे तो कंदीलवाला, अन् मागून पाय वाजून राहिले. चालण्याचे नाही. दार उघडायची वाट पाहून थकलेलं माणूस कसं या पायावरून त्या पायावर होते, तसे.

म्हणाल, गजाभाऊ म्हातारा झाला. होय, झालो. म्हणाल, जुनी मशीन, चिप तापली असंल. असू शकते बाप्पा, मीही तेच म्हटलं निखिलले. पंखा बंद करता का कोणी? हां. अन् चूप बसा जरासे.

ऐकलं?

घाबरू नका. ताई, पोरीले जवळ घ्या. काही होत नाही.

निखिलनं काल प्लगले हात घातला होता. पोरगं शिकलेलं, पुण्यात नोकरी. हात तिथंच राहिला. म्हणे, "काका, माझ्याच्यानं होत नाही. आत्या बाहेर उभी आहे." ज्या आत्याचा यानं फोटोही पाहिला नाही, तिच्यासाठी रडला. मंग त्यानं जुने गेम जमवणाऱ्या पोरायले विचारलं. ते पोरं चांगले आहेत, मी नाव नाही ठेवत. ते म्हणाले, कॅसेट पाठवा. कॅसेट टेपरेकॉर्डरनं खाल्ली आहे, मी स्वतः उघडून पाहिली, धागे झाले तिचे. मंग म्हणाले, कशाले हात लावू नका, कडी तं काढूच नका, तसंच चालू ठेवा, आमी येतो अन् काही होते का पाहतो. जगात आता मशीनमध्ये चालू असलेला एवढा एकच उरला, म्हणे. मन्याचं नाव होईल, म्हणे.

खरं सांगतो, मले मोह झाला. माह्या मित्राचं नाव व्हावं. जन्मभर कोणी विचारलं नाही त्याले, आता लोकायनं यावं, पाहावं, म्हणावं की अकोल्याच्या या माणसानं काय केलं! मी वहिनीले म्हटलं, ठेवू चालू. इन्व्हर्टर आहे, लाईन गेली तरी चालते. पण आज सकाळी खोलीत गेलो तं जळका वास. अडाप्टरले हात लावला अन् चटका बसला. तो संध्याकाळ काढते की नाही, सांगता येत नाही. बदलायचा तं आधी बंद करावं लागते, अन् बंद केलं की सारंच गेलं.

तवा वहिनी बोलल्या. म्हणे, "भाऊजी, तो आपोआप बंद पडला तं हे दोघं दाराबाहेरच राहतील. लोकायले दाखवायसाठी मी यायले बाहेर ठेवू काय? यायनं रोज तिले दारापर्यंत आणलं, अन् रोज परत नेलं. मी बायको आहे, मले दिसत होतं ते. आता आणणारा गेला. घरचं दार उघडायले घरचंच माणूस लागते."

मी हो म्हटलं. निखिलनंही म्हटलं. तुमच्यापैकी कोणाची हरकत असंल तं सांगा.

नाही ना?

तं ऐका. कडी काढली की पुढं काय आहे, मन्यानं काय लिहून ठेवलं, कोणी पाहिलेलं नाही. त्यानंही नाही. उघडलं अन् संपलं की त्या गेमची जगात एकही कॉपी राहणार नाही. नाव जाईल. हे सारं समजून वहिनी उठून राहिल्या. मले भीती वाटून राहिली, हे कबूल करतो. पण त्याच्याहून जास्त मले वाईट वाटते की हा माणूस इतकी वर्षं रोज शेवटच्या पायरीवरून परत फिरला, अन् आमी त्याले छंद म्हणालो.

मन्या, लेका, तुह्या खेळाले कोणी नाव नाही देलं. नसू दे. तू रागानं चालणारा पोरगा होता अन् तुनं स्वतःले हळू चालायले शिकवलं. याच्याहून मोठं मी काही पाहिलं नाही. रामराम घे माहा.

उभे राहा मंडळी, सारे. मौन किती वेळ ते मी सांगत नाही. आतला आवाज थांबेपर्यंत. बाकी कोणी आत जायचं नाही, कोणी मोबाईल काढायचा नाही. निखिल, तू इथंच माह्यापाशी उभा राहा.

वहिनी, या तुमी. वाट द्या रे त्यायले.

कडी काढली. आवाज थांबला.

बसू नका लगेच. आत जाऊ द्या दोघा बहीणभावायले.