साक्षगंधानंतरची भेट

माहं माहेर वरवट बकाल, सासर उंद्री. यायचं, माह्या मालकाचं, तोंड म्या अंतरपाट सरल्यावर पाह्यलं, तव्हा भेटनं-बोलनं काई नव्हतं. बांगड्या भराचं काम सासूनं शिकवलं, आन् तव्हापासून आजूबाजूच्या गावातल्या बायांचे हात माह्या हातात हायेत, कोनाच्या घरात काय चालू हाये ते बांगडी चढेपर्यंत समजते मले.

तं माही पोरगी वैशू. जानेफळचा पोरगा पसंत पडला, साक्षगंध झालं, साखरपुडा म्हना. आता नवी चाल निंघाली, साक्षगंध झालं का पोरगा पोरीले मोबाईल देते, मंग लग्नापर्यंत दोघं बोलून राह्यतात, घरचेच म्हनतात बोलू द्या, वळख होते. एक दिवस त्यानं तिले म्हटलं मेहकरले ये, एकटीच ये, बालाजीचं दर्शन घेऊ, नाश्टा करू. वैशू म्हने आई मी नाई जात, लग्नाआंधी काऊन जाऊ. मीच म्हटलं अवं जा, जावई रुसन, ठरलेलं लग्न हाये. मीच तिले नव्या बांगड्या भरून एसटीत बसवलं. दिवस बुडाच्या आंधी आली बिचारी, हसून राह्यली होती, म्हने त्यायनं हात धरला माहा, बाकी काई नाई.

काय सांगू तुम्हाले, दुसऱ्या दिवशी त्याच्या मायचा फोन. म्हने आमीच पोराले सांगतलं होतं, बोलावून पाह्य, येते का. बोलावल्याबराबर आली तुमची पोरगी, उद्या कोनीही बोलावलं तं जाईन, आमाले अशी नको. मी म्हटलं अवं बाई, तुहा पोरगाही एकटाच आल्ता ना. तं म्हने तो पोरगा हाये. मंग मानूस पाठवून मोबाईल वापस नेला, चार्जरसकट.

तव्हापासून बाया हात पुढं करतात आन् हळूच इचारतात, वैशूचं काऊन मोडलं वो, तिले दिवस-बिवस तं नाई ना गेले. राग असा येते का बांगडी त्यायच्या हातावरच फोडावी. पाहुने यायचे, चहा प्यायचे, मागचं काऊन मोडलं ते इचारायचे, आन् कळवतो म्हनून जायचे. बापानं तिच्याशी बोलनं टाकलं. वैशू आता चिखलीले दवाखान्यात नर्स हाये, लग्नाचं नाव काढू देत नाई.

अवंदा माह्या पोराचं, मनोजचं, साक्षगंध झालं. एक दिवस जेवता जेवता हे त्याले म्हनतात, बोलाव तिले चिखलीले, पाहू येते का. वैशू त्यायच्याच ताटात पोई वाढून राह्यली होती. मनोज हसला. माहं आंग असं पेटलं का काय सांगू. मागच्या आंगनात जाऊन म्या त्या पोरीच्या मायले फोन लावला, म्हटलं बाई, पाया पडतो तुमच्या, पोरीले पाठवू नका.

नाई पाठवलं त्यायनं. तं मनोज रुसला, म्हने येत नाई म्हंजे तिचं दुसरीकडं काई असन, नाईतं साफ बावळट असन, मले नाई करायची. यायनंही मान हलवली, आन् मोडलं. म्या मनोजले लय शिव्या देल्या, तं म्हने आई, तुले यातलं काई समजत नाई. वैशू तेवढी म्हने, सुटली बिचारी.

देवापुढं हात जोडतो तव्हा त्या पोरीले चांगलं घर भेटू दे म्हनतो, वैशूले सुखी ठेव म्हनतो. मनोजसाठी मागाले गेलं तं तोंडातून शब्दच निंघत नाई. पोटचा हाये, तरी.