पाठीमागून वारा

(न्हाणीघराचं दार आतून बंद. आत दोघी बहिणी, बाहेर बाप.)

बाबा : उघड! नाहीतर हा हातोडा दारावर थांबायचा नाही, टाळक्यात बसेल!

धाकटी : कसं उघडू बाबा? मघाशी तुम्हीच लाथ घालून कडी वाकवलीत.

ताई : कशाला डिवचतेस गं त्यांना!

धाकटी : तू पाठ लावून बस दाराला. वॉशिंग मशीन रेटलंय मी. आणि रक्त गिळू नकोस, थुंक.

ताई : दात पडलाय.

धाकटी : बघू... ठेव मुठीत. जपून.

बाबा : तुमची आई आजारी मैत्रिणीकडे गेलीय म्हणे! तिकिटाचा कागद सापडलाय मला. काल रात्री नऊचं विमान! बरं झालं, तुमचे दोघींचे पासपोर्ट माझ्या कपाटात होते. नाहीतर तीन चिमण्या भुर्र!

ताई : तिला जाऊ द्या बाबा. तुम्ही जीव घेतला असता तिचा.

बाबा : अजून घेईन! मी तिकडून, भावाकडून आलो तेव्हा तेरा तास लागले होते. म्हणजे सकाळी दहाला उतरणार. दहाच्या ठोक्याला माझा भाऊ विमानतळाच्या दारात उभा असेल. तंगड्या मोडून परत धाडेल तिला!

धाकटी : नका ना बाबा! काकांना नका सांगू! दहाला पकडतील हो तिला!

बाबा : रड! आता रड! ...हॅलो, भाऊ? ऐक नीट. आपल्या घड्याळात दहा...

ताई : वेडी का खुळी तू? वेळ कशाला ओरडून सांगतेस?

धाकटी : मी कुठे सांगितली? त्यांनीच काढली. मी फक्त भोकाड पसरलं.

ताई : म्हणजे?

धाकटी : साडेनऊ हजार किलोमीटर, ताई. येताना वारा समोरून, म्हणून तेरा तास. जाताना तोच वारा पाठीमागून ढकलतो. साडेअकरा! साडेआठलाच उतरलं विमान. आत्ता सव्वानऊ वाजत आलेत.

ताई : त्यांना ठाऊक नाही हे?

धाकटी : गेल्या वर्षी सांगत होते मी, जेवताना. तुला आठवतंय ना?

ताई : ताट फेकलं होतं ते? तुझ्या कपाळावर टाका पडला तो?

धाकटी : हां, तोच. वाक्य अर्धंच राहिलं.

ताई : पण मोबाइलवर बघितलं त्यांनी तर?

धाकटी : बाबा? आपलं चुकलंय का ते तपासणार? काहीतरीच तुझं!

बाबा : काय कुजबुजताय? फळी निघालीय बघा! हात आत आला की एकेकीच्या झिंज्या—

ताई : हात आला! मार! पुसायच्या दांड्यानं मार!

बाबा : आई गं! बोटं मोडली माझी, कार्टे!

धाकटी : अजून एक? घ्या! ताई, दांडाच मोडला गं.

ताई : खिडकीतून बघ. पोलिसांची गाडी आली का? कधीचा केलाय फोन.

धाकटी : आली! दोघे उतरले. जिन्याकडे पळतायत. आणि थांब, मेसेज आला... आईचा! "मावशी दारातच उभी होती. गाडीत बसलो आम्ही. घर मागे पडलं काकांचं."

ताई : पुन्हा वाच.

धाकटी : पुढे अजून आहे. "तुम्ही शाळेत निघालात ना?"

ताई : थांब, हा दात खिशात ठेवते.

धाकटी : काय लिहू?

ताई : निघालो म्हणून लिही. डबा घेतला म्हणून लिही.