झऱ्यावरची देवी नेमकी कोण?

अध्यक्षस्थानी बसलेले आमचे ग्रामप्रमुख सिंतुस्मुस, शहरातून मुद्दाम आलेले पुरोहितमहाराज, ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या झऱ्याच्या राखणदार बेलातुल्लामावशी, आणि आत जागा नसल्यानं दाराशी ताटकळलेल्या बंधुभगिनींनो,

झऱ्याकाठची ती दगडी मूर्ती मला एक बैल, दोन पिंपं बार्लीची दारू आणि बायकोचा वर्षभराचा अबोला एवढ्याला पडली. बढाई नाही मारत, पण या खोऱ्यात देवीला दगडाचं रूप देणारा पहिला माणूस मी, गाडीवाला कारान्तोस!

माझ्या लेकीचे, मातुगेनाचे, डोळे चिकटून मिटले होते. झऱ्यावर नवस बोललो, पोरीला दिसू दे, मूर्ती बसवतो. त्या पाण्यानं पंधरा दिवसांत डोळे उघडले. पण मूर्ती बसवायची कुणाची? पाथरवट म्हणाला, "तू गाडीवाला, एपोनाच घे. घोड्यांची देवी." पुरोहितमहाराज म्हणाले, "पाणी बरं करतं ना? मग ती सिरोना. हाती साप हवा." बायको कडाडली, "आणि फळंधान्य देणाऱ्या आपल्या तिघी माता काय उपाशी बसतील?"

मी सगळ्यांचंच ऐकलं. बाजूला घोडा, हाताला साप, मांडीवर फळांची टोपली. लोक येतात, मूर्तीकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात. आता सांगा, नवस भलतीलाच फेडला आणि खरी रुसली तर? चार वर्षं झाली, पोरीनं डोळा चोळला की मी तिला उचलून झऱ्याकडे धावतो.

मावशी उद्या लेकीकडे निघणार. एकतीस वर्षं झरा राखला त्यांनी. त्यांना नाही तर कुणाला विचारायचं? सकाळीच गाठलं.

"मावशी, खरं सांगा, ही कोण?"

"मला रे काय ठाऊक? मी आई म्हणते, ती पाणी देते."

"मग माझा नवस?"

"तो केव्हाच फिटला. डोळे उघडले त्याच दिवशी तुझ्या पोरीनं लाकडाचे दोन डोळे कोरून पाण्यात सोडले. वाकडेतिकडे होते, पण तिच्या हातचे होते."

"आणि माझी मूर्ती?"

"छान आहे की! उंचीला अगदी बेताची."

उंचीचा काय संबंध, ते काही उमगेना.

असो. मावशी, पोरीच्या डोळ्यांसाठी तुमचे पाय धरतो. मंडळींनी ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुण्या देवीचं नाव मागेपुढे झालं असेल, तर त्या सगळ्याजणींनी आणि तुम्हीही पोटात घालावं.

सभेतून निघताना मागं झऱ्याकडे वळून पाहिलं. मूर्तीतल्या घोड्याच्या मानेवर मावशींची ओली घोंगडी वाळत होती.