रेखा परत पहिली कशी आली

आमच्या गल्लीतल्या रेखावरून झालेलं भांडण सांगतो. मेंढरं राखणाऱ्या बापाची ही पोरगी सायकल रेसमध्ये राज्यात पहिली यायची. मंग एका रेसमध्ये अशी आपटली की मांडीचं हाड मोडलं. आम्ही म्हणलो, संपलं. अन् औंदा पोरगी देशात पहिली!

एमआयडीसीतल्या हॉटेलात आम्ही गल्लीतले लोक चहा पिऊन राह्यलो होतो. संतोष म्हणे, “नव्या सायकलीची कमाल हाय.”

उद्धवमामा भडकले, “सायकल काय करती? मेंढीचं दूध पिलेलं अंग हाय ते!”

आवाज चढले, तेवढ्यात रेखाच आली, बापासाठी भजे न्यायला.

मामा म्हणाले, “बाई, आता तूच सांग बराबर काय ते.”

भजे बांधायला सांगून ती म्हणाली, “मामा, जिंकत होते तवा रोज कुणी ना कुणी रस्त्यात अडवून शिकवायचं. असं बस, असं खा, असं पायडल मार. पडल्यावर दारात कुणीच आलं न्हाई. मंग निवांत सराव झाला.”

रागानं बोलली असती तर आम्ही भांडलो असतो. पण ती हसून बोलली.

पुढच्या रेसचं काहीतरी सांगायला मामांनी तोंड उघडलंच होतं. त्यात त्यांनी गपचूप खारी कोंबली.