बठ्ठं बरं शे

दोष नानांचा. आमच्या वडिलांचा! आधीच सांगून टाकतो, कारण भावकीनं तो डॉक्टरवर ढकलून झाला, गोळीवर ढकलून झाला, परवा तर आत्या माझ्यावरच ढकलून गेली... म्हणे, पोरानं फार्मसी अर्धी सोडली, त्याची आईनं हाय खाल्ली! हाय कसली डोंबलाची? हृदयाचा आजार होता तिला, कागद आहेत!

तर तुम्हाला सांगतो, होळीच्या आधी आईला झटका येऊन गेला. बारीकसा. धुळ्याच्या ज्या दवाखान्यात नेलं तिथं एक अभ्यास चालू होता, देशभरातली चौदा हॉस्पिटलं, दोन औषधं, आणि कुठल्या औषधावर माणूस जास्त सावरतो ते वर्षभर बघायचं. आईनं समजून घेऊन सही केली, सातवी शिकलेली बाई. तीन-तीन महिन्यांनी तपासणी, मधे दर महिन्याला फोन. फोनवर चार प्रश्न, एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की त्याच दिवशी बोलावून घेणार, गाडीभाडंसुद्धा त्यांचं! इतकं सोपं. पण घरात फोन कोणाचा? नानांचा. मग आजार कोणाचाही असो, बोलणार कोण?

पहिला फोन, दिपमाला नावाची मुलगी. "नाना, मावशींना चालताना दम लागतो का?" नाना म्हणतात, "बेटी, तू कोनता गावनी?" ती बिचारी सांगून बसली, शिरपूरजवळची. झालं! "आरे, मनी मावशी तठेच देल शे!" म्हणजे ह्यांची मावशी तिथंच दिलेली. वीस मिनिटं फोन, त्यातली अठरा मिनिटं तिच्या आजोबांचा पत्ता लावण्यात, आणि ती लांबून नात्यात निघाली म्हटल्यावर तर विषयच संपला... नात्यातल्या पोरीला कोणी दुखणं सांगतं का हो? पायाला सूज? "नही." आडवं पडलं की घुसमटतं? "नही नही, बठ्ठं बरं शे, बेटी, तू जेवाले ये!" बठ्ठं म्हणजे सगळं, सगळंच बरं!

तेव्हा खरंच बरं होतं म्हणा. तिसऱ्या महिन्याची तपासणीसुद्धा चांगली निघाली, नानांनी डॉक्टरला गावचे शेंगदाणे दिले. बिघडलं ते त्यानंतर.

चौथ्या महिन्याचा फोन आला तेव्हा नाना ओसरीत चपला शोधत होते. "मन्या चपला कोनी लयन्यात?" कोणी नेणार? आईच्या पायात होत्या! तिचे पाय इतके सुजले होते की स्वतःच्या चपलेत अंगठाही जात नव्हता, आठ दिवस ती नानांच्याच घालून नळावर जात होती. आणि हा माणूस अनवाणी उभा राहून फोनवर सांगतो, "सूज? नही, बेटी. बठ्ठं बरं शे!"

आई मागून हळूच म्हणाली, "सांगा ना तिले, दम लागस..." नानांनी फोनवर हात ठेवला. "चूप! पोर इतली मायातून विचारी राह्यनी, तिले काय रडगानं आयकाडस?" मी फोन ओढायला गेलो, तर आत्या दारातून, "शिक्षन सोडेल पोऱ्यानं मोठा मानसासमोर बोलानं नही!" मी म्हटलं, मरा. निघून गेलो देवपूरला, मित्राकडे, चार दिवस.

आता तुम्ही विचाराल, तुला नंबर नव्हता का? होता. दवाखान्याचं कार्ड भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली टाचलेलं होतं, वर मोठ्या अक्षरात, ‘त्रास झाल्यास कळवा’. मला वाचता येतं. एवढं शिकलोय.

पाचव्या महिन्याचा फोन आला तेव्हा घरात आईच्या पुण्यानुमोदनाचा मंडप होता. भावकी जेवायला बसलेली. नानांनी सवयीनं फोन उचलला, सवयीनंच म्हणाले, "हां बेटी, बठ्ठं बरं शे..." आणि तिथंच थांबले. खुर्च्या मांडणारासुद्धा थांबला. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. ह्या वेळी कोणी अडवलं नाही. सांगितलं तिला. पोरगी नाक ओढत म्हणाली, "दादा, फॉर्मला तारीख लागेल." दिली. "आणि... आधी काही त्रास होता का हो मावशींना?"

मी म्हटलं, तुमच्याकडे लिहिलेलंच आहे की.

चारही महिने, ‘त्रास नाही’. चौदा हॉस्पिटलांच्या हिशेबात तेच जाणार. नानांच्या चपला तिच्या पायांनी सैल झाल्यात, चालताना फटफट वाजतात, तरी तेच घालतात. कोणी विचारलं, कसं काय नाना, तर मान हलवतात. बरं शे.

माझी आई गेली. एकोणपन्नास वर्षांची होती.