गुळाच्या काहिलीतलं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे ज्येष्ठ विश्वस्त आदरणीय महादेवप्पा अण्णा. व्यासपीठावरचे प्राचार्य आणि सरकारी दवाखान्याचे डॉक्टरसाहेब. ज्यांच्यासाठी आपण जमलो आणि ज्या मघापासून 'आटोपतं घ्या' अशा नजरेनं माझ्याकडे बघत आहेत, त्या धुरपता सोनकांबळे मॅडम. माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, औसा-निलंग्याहून एसटीचे धक्के खात आलेले पालक, आणि जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वसतिगृहाच्या माझ्या लेकींनो,

निरोपाचं भाषण गोड असावं असा शिरस्ता आहे. मॅडमना गोड बोललेलं चालत नाही, ही माझी अडचण. त्यांच्या रसायनशास्त्राविषयी मी, विरूपाक्ष, मराठी शिकवणारा माणूस, काय बोलणार? त्यांच्या प्रयोगशाळेत मी एकदाच गेलो. त्यांनी मला साबणानं हात धुवायला लावले आणि मग बाहेर काढलं. म्हणून मी बोलणार आहे ते मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर असलेल्या मॅडमविषयी, आणि तेही एकाच उन्हाळ्याविषयी.

आपला जिल्हा तेव्हा अगदी नवा होता. उस्मानाबादेतून वेगळे निघालो, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या. आता जिल्ह्याच्या गावी पोरगी शिकवू, अशी उमेद खेड्यातल्या बापांना आली. उमेद आली आणि पाऊस रुसला. वसतिगृहाचा बोअर आटला, हौदात टँकरचं पाणी पडू लागलं, मचूळ आणि गढूळ.

आपल्याकडं पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. त्या साली आमच्या पालकांनी काय आणावं? पाणी आणलं. गावाकडच्या विहिरीचं पाणी घागरीत भरून, तोंडाला फडकं बांधून, एसटीत मांडीवर धरून आणलं. पोरीच्या तोंडी गोड पाणी पडावं म्हणून बाप घामाघूम होऊन यायचा. ही माया तुम्हाला दुसऱ्या कुठल्या मुलखात दिसेल का?

बहुतेक घागरी मायेनं आल्या. एखादी घागर आणखी एका कारणानं यायची. वसतिगृहाचं पाणी मॅडमच्या देखरेखीखाली वाटलं जायचं, आणि मॅडम बौद्ध घरातल्या. मी फोड करून सांगत नाही. सभागृह जाणतं आहे. निलंग्याकडचे शिवप्पा, आमच्याच समाजाचे, गुऱ्हाळवाले, दर बाजाराला आपल्या नागम्मासाठी वेगळी घागर आणत आणि तिला बजावत, "हेच पी माय, दुसरं नको." मॅडमना हे ठाऊक होतं. त्यांनी कधी नाव काढलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला नागम्माचे डोळे पिवळे झाले. मग तिच्या खोलीतल्या मुलींचे, मग शेजारच्या खोलीतल्या. कावीळ. वार्षिक परीक्षा तोंडावर. बैठक बसली. सगळ्यांनी टँकरला शिव्या घातल्या आणि ठरत आलं, की वसतिगृह रिकामं करा, पोरी घरी पाठवा.

मॅडम म्हणाल्या, "टँकर तर मुलांच्या वसतिगृहातही तोच येतो. तिथं एकाचेही डोळे पिवळे नाहीत. आणि घरी पाठवलेली पोरगी परत येईल, असं कोण लिहून देतं? दुष्काळाचं साल आहे. बाप पहिलं स्थळ येईल ते बघेल. कावीळ उतरते हो साहेब, लग्न उतरत नाही."

पोरी इथंच ठेवायचं ठरलं. जबाबदारी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. आजारी मुली एका बाजूच्या खोल्यांत, त्यांची ताटं वेगळी, संडासाला ब्लीचिंग पावडर, आणि दारात बादली नि साबण. हे डॉक्टरसाहेबही हात धुतल्याशिवाय आत जात नसत. विचारा त्यांना. मग मॅडम मुलींच्यात जाऊन बसल्या आणि कोण कुठलं पाणी पितं ते हसतखेळत काढून घेतलं. तेव्हा कळलं, की बापानं वेगळी ठेवलेली घागर पोरींनी केव्हाच एक करून टाकली होती. नागम्माचं पाणी गोड, म्हणून सगळ्याजणी तेच पीत होत्या.

तेवढ्यात शिवप्पा आले, पोरीला न्यायलाच.

"लेकरू घरी नेतो मॅडम. आमच्याकडं काविळीची माळ घालतेत. उतरतंय."

मॅडमनी विचारलं, "गावात आणखी कुणाला आहे?"

"हाय की. विहिरीकडच्या आळीत लई घरांत हाय."

"आणि पाणी त्याच विहिरीचं?"

शिवप्पांनी मान हलवली. मग हातातल्या घागरीकडं बघितलं आणि ती हळूच खाली ठेवली. त्या बापाचा चेहरा मी पाहिला आहे. मॅडमना तेव्हा काय काय बोलता आलं असतं? इस्लापूरहून निघून नांदेडला शिकेपर्यंत त्यांनी पाण्यापायी काय सोसलं, ते मला थोडंफार ठाऊक आहे. मी तर म्हणतो, त्यांच्या जागी मी असतो तर ऐकवलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माळ घाला, मी नको म्हणत नाही. गळ्यात माळ इथंही राहते. पण पोरगी इथंच ठेवा आणि पाणी माझं पिऊ द्या. उकळलेलं."

शिवप्पांनी स्वयंपाकघराकडं नजर टाकली. मग म्हणाले, "एवढ्या पोरींचं पानी कशात उकळायलात?"

"पातेल्यात. पुरत नाही."

"ऊस न्हाई, गुऱ्हाळ बंद हाय. माझी काहील पडून हाय. आनतो."

आणि आणली. गूळ आटवायची ती अवाढव्य लोखंडी कढई एसटीच्या टपावरून आली. कंडक्टर आधी अडून बसला होता. पोरींच्या पाण्याला आहे म्हटल्यावर त्यानंच दोर बांधला. वसतिगृहामागं चुलवण खणलं, तुराट्यांचा जाळ लागला. शिवप्पा परीक्षा होईपर्यंत इथंच राहिले. जाळ त्यांचा, वाटप मॅडमचं. गावोगावच्या घागरी येतच होत्या. मॅडमनी एकही परत पाठवली नाही, सगळ्या काहिलीत ओतायला लावल्या. कुणाची माया दुखावली नाही आणि नवी कावीळ हळूहळू थांबली. शिवप्पांच्या गावच्या विहिरीत औषध टाकायला डॉक्टरसाहेबांना मॅडमनीच पिटाळलं.

शिवप्पा स्वतः मात्र ते पाणी पीत नसत. तहान लागली की रस्त्यापलीकडं एका ओळखीच्या घरी जात. आम्ही सगळे बघत होतो. मॅडमही.

एकही मुलगी घरी गेली नाही. नागम्मा परीक्षेला बसली. मघाशी मॅडमना हार घातला तो तिनंच. पेपर संपले, शिवप्पांनी पिशवी उचलली, मॅडमना नमस्कार केला आणि तिथंच घुटमळले. मग म्हणाले, "मॅडम, प्यायला पानी द्या की."

मॅडम म्हणाल्या, "आत्ताच उतरवलंय, कढत आहे. निवायला वेळ लागेल. तुमची गाडी चुकेल."

"चुकू द्या," शिवप्पा म्हणाले, आणि पायरीवर बसले.

निलंग्याची गाडी गेली. पाणी निवलं. मॅडमनी स्वतः तांब्या भरून आणला आणि शिवप्पा प्याले.

मॅडम, साथ कशी आवरावी हे तुम्ही आम्हाला दाखवलंत, त्याबद्दल या संस्थेच्या वतीनं आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी घड्याळ न बघता मला बोलू दिलं. माझ्या बोलण्यात उणंदुणं राहिलं असेल ते पोटात घाला. घागरींचं बोललो ते कुणाला लागलं असेल, तर त्यांची हात जोडून क्षमा मागतो. पण शब्द मागं घेत नाही. शिवप्पा तिसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि हे सांगू का, असं मी त्यांना सकाळीच विचारलं होतं. ते म्हणाले, "सांगा की सर. माझी तहान हाय, मला कशाची लाज?"