त्यानं नुसतं ‘चुकलं’ म्हणायचं हुतं

...आन् वर मला म्हणं, एकमेकांस्नी समजून घ्या! बसनं ढकललं मला, चरात पडलो मी, गुडघा फुगून नारळाएवढा झाला माझा, आन् समजून कुणी घ्यायचं तर म्हणं दोघांनी मिळून! हसू नका पावणं, तुमच्या बुडाखाली सायकल असती तर कळलं असतं.

पयल्यापास्नं सांगतो. मी शालूबाई. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीच्या कँटिनात भाकरी थापतो. पंचतारांकित म्हणत्यात, पर मला तारं दिसलं ते चरात पडल्यावरच. सायकल माझ्या पोरीची, क्रांतीची, आठवीत शाळेतनं मिळालेली. ती लगीन होऊन गेली, सायकल मागं ऱ्हायली. जावयानं मागितली न्हाय, आयुष्यात तेवढं एक चांगलं काम केलं त्यानं. पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो मी ती, साडी नेसून, आख्ख्या गल्लीला हसवत. तवापास्नं चार वर्षं रोज सहा किलोमीटर. कुणाच्या बापाची वाट बघायची न्हाय, कुणाच्या पाठीमागं बसायचं न्हाय.

तर त्या दिवशी सकाळचं पावणेसात. कॅरेजला कोथिंबीर, पिशवीत मिरच्या. कंपनीच्या गेटाजवळच्या वळणाला मागनं आमच्याच कंपनीची बस आली. ड्रायव्हर बाळासो. मिशी बघून लोकं रस्ता देत्यात असा माणूस. बस आली ती आलीच की अंगावर... मी, सायकल, कोथिंबीर, सगळं एकदम चरात. आन् चर कसला? कंपनीचं काळं पाणी, त्यात कुणाची तरी चप्पल. वर बघतो तर बसच्या खिडकीत माझ्याच कँटिनातल्या बायका. चिमणाबाईनं तर हात हलवला मला. टाटा! आन् बाळासोनं मुंडकं भाईर काढलं. मला वाटलं उतरतंय. कशाचं उतरतंय, म्हणतंय कसं, ‘‘मावशी, मधीच आलासा की!’’ आन् गेला. सातचं पंचिंग हुतं न्हवं त्यांचं. माझं नव्हतं व्हय?

आठ दिवस घरात हळदीचा लेप लावून बसलो. नवव्या दिवशी उठलो ते भाकऱ्या सोडून सरळ हापिसात. ऋता मॅडम म्हणून हायत, माणसांचं बघत्यात तिथं. गोड बोलणं इतकं की ऐकून दात किडावं. मी म्हटलं, मला काय नको. साडी नको, रजेचा पगार नको. बाळासोनं माझ्यासमोर यावं आन् ‘चुकलं’ म्हणावं. एक शब्द. मी चौथी शिकलेली बाई, एका शब्दाच्या वर मला कळत बी न्हाय.

मॅडम म्हणत्यात, ‘‘मावशी, आपल्याकडे ना, आपण दोष देत नाही. आपण एकमेकांना समजून घेतो.’’

आलं का ध्यानात? घ्या समजून! आन् लगेच सप्ताह काढला की. ‘सायकलस्वार वाहनचालक सलोखा सप्ताह’. गेटावर हे एवढं मोठं डिजिटल पोस्टर. त्यावर बसला हात काढलेलं, सायकलीला हात काढलेलं, दोघं हातात हात घालून हसत्यात. बसला तर दात बी काढलेत. खोटं न्हाय सांगत, दातच तेवढं खरं काढलं हुतं.

सोमवारी सत्कार. बाळासोला फेटा, मला फेटा. त्यानं मला गुलाबाचं फूल दिलं. मी फूल घेतलं आन् हात तसाच धरून उभा ऱ्हायलो.

‘‘आन्?’’ मी म्हटलं.

‘‘आन् काय?’’ त्यो.

‘‘काय म्हणायचं ऱ्हायलं न्हवं?’’

इचार केला त्यानं. मिशीवरनं हात फिरवला. ‘‘शुभेच्छा,’’ म्हणला.

टाळ्या! दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या हो!

मंगळवारी पडद्यावर शिनिमा दाखवला. कुठला तरी थंड देश, गुळगुळीत रस्ता, त्यावर सायकलवाली माणसं अशी चालल्यात जशी देवाला निघाल्यात. सायकलीपासनं गाडीनं दीड मीटर लांब ऱ्हावं म्हणं. दीड मीटर म्हंजे झालं दोन ब्लाउजपीस. आमच्या रस्त्याला एकीकडं उसाची ट्रॉली, एकीकडं म्हशी, मधी खड्डं, तिथं दोन ब्लाउजपीस कुठनं काढायचं? बुधवारी सगळ्यास्नी गोल बसवून डोळं मिटायला लावलं. समोरच्याच्या जागी आपण हाय असं समजा म्हणं. मी डोळं मिटलं, बाळासोच्या जागी जाऊन बघितलं, तिथनं मी चरात दिसलो. उघडलं परत. गुरुवार, शुक्करवार शपथा. आठवडा संपत आला, फेटा झाला, फूल झालं, शपथ झाली, आन् त्या एका शब्दाचा पत्ता न्हाय. रोज भाकरी थापताना मी कान गेटाकडं लावून. येईल, म्हणंल, जाईल. काय जातंय त्याचं? मिशी गळून पडती?

शनवारी अदलाबदल. म्हंजे काय, तर ड्रायव्हरनं सायकलीवर बसायचं आन् सायकलवालीनं ड्रायव्हरच्या जागी. बस गेटासमोर उभी, बंद करून, चावी मॅडमच्या हातात. मला कँटिनातल्या दोघींनी खालनं ढकलून वर चढवलं. बसलो. स्टेरिंग परातीएवढं, काचेला लिंबू-मिरची, उंची अशी की खालची माणसं बघून आपोआप राग यायला लागतोय. खोटं वाटतंय? बसून बघा एकदा.

आन् खाली बाळासो, माझ्या क्रांतीच्या सायकलीवर. गुडघं हनुवटीला लागल्यात, हॅण्डल लटलटतंय. मॅडम म्हणल्या, बसच्या डाव्या अंगानं मागनं पुढं या. आला त्यो. मी आरशात बघतोय. दिसतोय... दिसतोय... आन् गायब! खरंच सांगतो, एवढा मिशीवाला बाप्या, आरशात बी न्हाय, काचेत बी न्हाय. एक भाकरी उलटायला लागतो तेवढा वेळ त्यो जगातच नव्हता. मग पुढच्या कोपऱ्यातनं उगवला.

म्हंजे त्याला खरंच दिसलो नसंन की मी! आन् हे खरं निघालं, तर माझ्या ‘चुकलं’चं काय करायचं? पंधरा दिवस मी त्याच्यावर जगतोय, सकाळ-संध्याकाळ त्येच चावतोय, आन् आता टाकून देऊ?

तेवढ्यात त्यो काचेसमोर आला. चराच्या कडंनं, माझ्यागतच. वर माझ्याकडं बघितलं. तोंड पांढरं पडलेलं. मागनं एक ट्रक घुर्र करून गेलता न्हवं. सायकलीवरनं बस केवढी दिसती हे त्याला आयुष्यात पयल्यांदा कळलं. आन् मला म्हणतो कसा, हळूच, जसं पोरगं आईला म्हणतंय, ‘‘मावशी... माझं...’’

आन् माझा हात हॉर्नवर पडला.

पडला का टाकला, ते इचारू नका. मला ठाऊक हाय, पर सांगत न्हाय. हॉर्नला चावी लागत न्हाय, हे तवा कळलं. वरातीतल्या बँडागत वाजला, पाच सुरांत. बाळासो हातभर उडाला आन् सायकल घेऊन गेला त्याच चरात. त्येच काळं पाणी. हात मोडला. क्रांतीची सायकल मधनं दुमडली, पापडागत.

दीडशे माणसांचं डोळं माझ्याकडं. मॅडम खालनं म्हणल्या, ‘‘मावशी, बोला ना त्यांना काहीतरी. एक शब्द.’’

एक शब्द! मला सांगत्यात! मी काच सरकवली, मुंडकं भाईर काढलं. शब्द जिभंवर हुता, देवाशपथ हुता. आन् तोंडातनं काय निघालं?

‘‘मधीच आलासा की!’’

बाळासो चरातनं वर बघत बसला. मिशीवरनं पाणी गळतंय. ‘‘मी म्हणतच हुतो मावशी,’’ म्हणला. ‘‘माझं चुकलं, असंच म्हणत हुतो. आता तुम्ही आधी म्हणा.’’

म्हटलं का मी? महिना झाला. न्हाय म्हटलं. त्यानं बी न्हाय म्हटलं.

आता माझी सायकल गेली भंगारात, म्हणून मी बसनं जातो. त्याचा हात गळ्यात, म्हणून त्याला गेटावर वही घिऊन बसवलाय, त्यो बी बसनंच जातो. आन् सगळी बस भरलेली आसती, आमच्यासाठनं एकच बाकडं मोकळं सोडत्यात मेली. खांद्याला खांदा लावून बसतोय, शब्द न्हाय. चिमणाबाई मागं बसून खुदखुदत आसती. बसवर नवा ड्रायव्हर हाय, आदर्श नावाचा, एका हातात मोबाइल.

परवा त्याच वळणाला पुढं एक म्हातारं सायकलीवर, दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या. आदर्शनं काय बघितलं न्हाय. खडाड आवाज झाला. खिडकीतनं बघतोय तर म्हातारं चरात, अंगावर सगळं दूध, काळ्या पाण्यात पांढरं. बस थांबली न्हाय. सातचं पंचिंग आमचं!

आन् आम्ही दोघं, मी आन् बाळासो, महिनाभर न बोललेली माणसं, एकदम, एका तोंडानं म्हणलो:

‘‘मधीच आलं की त्ये!’’

आन् एकमेकांकडं बघितलं, आन् हसलो. डोळ्यांतनं पाणी येईस्तवर हसलो की हो! पुढच्या बाकड्यावर ऋता मॅडम, गाडी बिघडली म्हणून त्या दिवशी बसनं आलेल्या. त्यांनी वळून बघितलं, गहिवरल्या, आन् मोबाइल काढून टिपला आमचा फोटो.

आता त्योच लागलाय गेटावर, दात काढलेल्या बसच्या जागी. मी आन् बाळासो, तोंड भरून हसतोय, मागं खिडकी. खाली मोठ्या अक्षरात, एकमेकांना समजून घेऊया. जाताय तर बघा पावणं. दोघं बी बरं आलोय फोटोत. खिडकीतनं चर बी दिसतोय की. म्हातारं तेवढं दिसत न्हाय.